मुलं झोपेत असताना निघू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चर्चच्या मंडळीच्या गटाबरोबर दोन आठवड्यांच्या सेवेसाठी तुम्ही मुलांच्या निवासी गृहात आला आहात आणि निघायला पाच दिवस उरलेत. सात वर्षांची एक मुलगी पहिल्या दिवसापासून तुमचा हात सोडत नाही. आता ती रोज विचारते, "ताई, तू जाणार नाहीस ना?" गटातले काहीजण म्हणतात, पहाटे मुलं झोपेत असतानाच गाडी काढू, म्हणजे रडारड नको. काहीजणांना शेवटच्या रात्री मोठा कार्यक्रम करून प्रत्येक मुलाला भेटवस्तू द्यायची आहे. आणि तुम्हाला हवं आहे ते एवढंच, की तिला कमीत कमी त्रास व्हावा.

मी चोवीस वर्षं अशा गटांबरोबर जाते आहे. आधी नुसती सोबत म्हणून जायचे, नंतर गट घेऊन जायला लागले. पहाटेचं आधी सांगते, कारण तो निर्णय तुमचा गट आज-उद्या घेईल. कृपा करून तसं करू देऊ नका.

माझ्या दुसऱ्याच दौऱ्यात आम्ही असे निघालो होतो. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरलो. पुढच्या वर्षी त्याच गृहात गेलो, तर रोज सकाळी आमच्यातल्या कुणाची तरी एक चप्पल नाहीशी. आठ वर्षांचा एक मुलगा रात्री उठून एकेकाची एकच चप्पल आपल्या पलंगाखाली नेऊन ठेवायचा. मावशींनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, चप्पल नसेल तर जाता येत नाही. आम्ही गेल्यानंतरचे कितीतरी महिने तो रात्री मधूनमधून उठून दार बघून यायचा, हेही मावशींनी तेव्हाच सांगितलं. एका सकाळचं रडणं टाळायला आम्ही त्याची झोप घेतली होती.

म्हणून तुमचा प्रश्न थोडा वेगळा करून मांडते. ती कमी रडावी, ही तुमची इच्छा मायेपोटीच आहे. पण कमी रडणं आणि कमी त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५०च्या सुमारास ब्रिटनमधले बालमनाचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी रुग्णालयात आईवडिलांविना राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. तेव्हा पालकांना भेटायला जेमतेम वेळ मिळायचा. मूल आधी आकांत करायचं, मग काही दिवसांनी गप्प व्हायचं, आणि परिचारिकांना वाटायचं की आता रुळलं. रॉबर्टसन यांना दिसलं की ते गप्प होणं म्हणजे आशा सोडणं होतं. त्याहीपुढे मूल आईलाच परकं मानू लागायचं. अशा निरीक्षणांमुळे विचार बदलत गेला आणि ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समिती या सरकारी समितीने रुग्णालयातल्या मुलांना भेटण्यावरचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली. मला यातून एकच गोष्ट घ्यायची आहे. निरोपाच्या वेळी रडणारं मूल निरोगी काम करत असतं. खरा प्रश्न असा, की माणसं जातात तेव्हा काय होतं, याबद्दल ती मुलगी तुमच्याकडून काय शिकेल? माणसं न सांगता नाहीशी होतात हे शिकेल, की सांगून, तोंड दाखवून, आपल्याला कुणाच्या तरी हाती सोपवून जातात हे?

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. मुलं दिवसा तुमच्याकडे येऊन संध्याकाळी आपल्या घरी जात असती, तर मी इतकं लांबलचक लिहिलं नसतं. आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलाला पाहुणे गेल्याचं वाईट वाटतं आणि ते चार दिवसांत सरतं. निवासी गृहातल्या मुलाच्या आयुष्यात मात्र आधीच खूप माणसं गेलेली असतात. कर्मचारी बदलतात, शेजारच्या पलंगावरची मैत्रीण एक दिवस नातेवाइकांकडे जाते, तुमच्यासारखे गट येतात आणि जातात. तिच्या मनात या सगळ्यांची एक रांग आहे आणि तुम्ही त्या रांगेत आहात. वयानेही फरक पडतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला शब्दांचा फारसा उपयोग नाही, त्याला ओळखीचा चेहरा आणि रोजचा क्रम सांभाळतो. चार ते सात या वयात मूल घडलेल्या गोष्टीचं कारण स्वतःतच शोधतं: मी दूध सांडलं म्हणून ताई गेली. नऊ-दहाच्या पुढची मुलं काही फरक पडत नसल्यासारखी वागतात किंवा शेवटच्या दोन दिवसांत भांडण काढतात. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, म्हणून "यात तुझी काही चूक नाही" हे वाक्य तिला स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळालंच पाहिजे. ते तिला आपोआप कळेल असं धरून चालू नका.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. पहिल्याच दिवशी तिने तुमचा हात धरला, याचा अर्थ तिने तुम्हाला निवडलं, असा आपण लावतो. मीही लावत असे. पण संस्थेत वाढलेली मुलं अनोळखी माणसाच्याही चटकन गळ्यात पडतात, हे मानसशास्त्रज्ञ बार्बरा टिझार्ड यांनी १९७०च्या दशकातच ब्रिटनमधल्या मुलांबाबत नोंदवलं आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली एक अभ्यास सुरू झाला. संस्थांमधली १३६ लहान मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून त्यांतली निम्मी काळजी घेणाऱ्या कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेली मुलं पुष्कळ सावरली, आणि जी लवकर गेली ती जास्त. मात्र परक्याशी लगट करण्याची सवय त्यांच्यातही सहजासहजी गेली नाही. तुमच्या मुलीबद्दल यावरून निदान करायला मी बसलेले नाही, आणि तिची माया खोटी आहे असं तर मुळीच म्हणत नाही. मला दिसतं ते असं: या मुलांना सावरतो तो राहणारा माणूस. त्यामुळे उरलेल्या पाच दिवसांतलं तुमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तिच्या हातातला तुमचा हात हळूहळू राहणाऱ्या माणसाच्या हातात देणं. निरोपाची बाकी सगळी तयारी त्याच्या मागून येते.

तेव्हा आजच गृहातल्या मावशींकडे जा. गटप्रमुखांना सोबत घ्या. पहिला प्रश्न हा विचारा: इथे पाहुणे निघतात तेव्हा तुम्ही मुलांना कसं सांगता? त्यांनी असे पन्नास निरोप पाहिले असतील आणि त्यानंतरच्या रात्रीही त्यांनीच काढल्या असतील. त्यांची पद्धत माझ्या सांगण्यापेक्षा वेगळी असेल तर त्यांचं ऐका. अपवाद एकच, खोटं बोलायचा किंवा गुपचूप निघायचा. मुलांना फसवायला नको वाटतं, हे त्यांना नम्रपणे सांगा. बहुतेक वेळा पहाटे निघण्याची कल्पना मावशींची नसतेच. ती गटाची असते, कारण निरोपाला सामोरं जाणं आपल्याला जड जातं.

मग वागण्यात अर्धं पाऊल मागे या. अर्धंच. एकदम दूर झालात तर तिला वाटेल रागावलात. ती दात पडला म्हणून दाखवायला आली, तर कौतुक करा आणि म्हणा, "चल, मावशींना दाखवू." गुडघा फुटला तर तिला घेऊन मावशींकडे जा. औषध त्यांना लावू द्या, तुम्ही बाजूला बसा. चित्र काढलं तर ते कुठे लावायचं हे मावशींना विचारायला पाठवा. रात्री झोपवण्याचं काम तुम्ही घेतलं असेल तर ते आजपासून परत मावशींकडे द्या, कारण तुम्ही गेल्यानंतरची पहिली रात्र तिला सर्वांत जड जाणार आहे आणि तेव्हा उशाशी बसणारं माणूस तिला सवयीचं हवं. तुम्ही गेल्यावर गुडघा फुटला तर तिचे पाय आपसूक कुणाकडे वळतील, याचा हा सराव आहे.

सांगायचं कधी? खरं तर मोठ्या मुलांना पहिल्याच दिवशी जाण्याची तारीख सांगावी. ते राहून गेलं असेल तर आता उशीर करू नका. सात वर्षांच्या मुलीला "पाच दिवस" म्हणजे किती हे नीट उमगत नाही, म्हणून ते तिच्या हाताला कळू द्या. कागदाच्या पाच पट्ट्यांची साखळी करा आणि रोज रात्री मावशींसमोर एक पट्टी तिला काढू द्या. काढलेल्या पट्टीवर त्या दिवशी एकत्र केलेली एखादी गोष्ट लिहा किंवा चित्र काढा. शेवटी साखळी संपते, पण पाच पट्ट्यांचा छोटा गठ्ठा तिच्याकडे राहतो. हे एकट्या तिच्याबरोबर करू नका. तिच्या खोलीतल्या सगळ्या मुलींना घेऊन करा, नाहीतर तुमच्या मागे तिला "ताईची लाडकी" म्हणून बाकीच्यांचं ऐकून घ्यावं लागेल.

शब्द साधे ठेवा. मी साधारण असं सांगते: "शनिवारी सकाळी नाश्ता झाला की आम्ही सगळे गाडीत बसून आपापल्या घरी जाणार. तू इथेच राहणार, मावशी तुझ्याजवळ असणार. आमचं इथलं काम संपलं म्हणून आम्ही जातोय. तू काही चुकीचं केलं म्हणून नाही." मग थांबा. ती काही विचारेल, किंवा काहीच न बोलता खेळायला पळेल. पळाली म्हणून तिने ऐकलं नाही असं समजू नका. संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा येईल. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या.

"परत येशील ना?" हा प्रश्न नक्की येणार. इथे आपली जीभ आपल्याला फसवते. मराठीत निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. ते अशुभ टाळण्यासाठी आहे आणि घरातल्या मुलाला त्याचा अर्थ बरोबर कळतो, कारण आई "येते" म्हणते आणि संध्याकाळी येते. ज्या मुलीकडे "येते" म्हणून गेलेलं माणूस कधीच परत आलं नाही, ती तो शब्द अक्षरशः धरून बसते. एका गृहात एक मुलगी चार महिने फाटकापाशी बसायची. तिला कुणी वचन दिलं नव्हतं, फक्त "येते हं बाळा" म्हटलं होतं. तेव्हापासून माझ्या गटात तो शब्द त्या दिवशी कुणी वापरत नाही. "आम्ही निघतोय" म्हणा. परत येण्याबद्दल जे खरं आहे तेच सांगा: "मला माहीत नाही. बहुतेक नाही येता येणार." हे वाक्य म्हणताना घसा दाटतो. तरी म्हणा.

आपण विश्वासाने हे काम करणारी माणसं आहोत, म्हणून त्याबद्दलही लिहिते. "देवाची इच्छा आहे म्हणून आम्ही जातोय" असं मुलांना कधी सांगू नका. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की देव माणसं काढून नेतो. "रडू नकोस, येशू आहे ना तुझ्याजवळ" हेही त्या क्षणी नको. ते खरं असलं तरी तेव्हा ते तोंड बंद करायला वापरलं जातं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला प्रेषित पौलाचा निरोप मी प्रत्येक गटाला निघण्याआधी वाचायला लावते. मिलेत इथे इफिस शहरातल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना तो स्पष्ट सांगतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. तो गुडघे टेकून त्यांच्याबरोबर प्रार्थना करतो. ते सगळे रडतात, त्याच्या गळ्यात पडतात आणि त्याला तारवापर्यंत पोचवायला जातात. सगळ्यात जास्त दुःख त्यांना त्याच एका वाक्याचं होतं, तरी त्याने ते गिळलं नाही. तिथे रडणारी सगळी मोठी माणसं होती, हेही लक्षात असू द्या. मुलांसोबत प्रार्थना करायची तर छोटी करा, मावशींना बरोबर घेऊन करा, आणि तीत मावशींचं नाव येऊ द्या.

शेवटच्या रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमाला माझा विरोध आहे. गाणी, भाषणं, रडणारे मोठे, वेगवेगळ्या भेटवस्तू, त्यावरून मुलांची तुलना, आणि हे सगळं झोपेच्या तोंडावर. दमलेलं, भारावलेलं मूल अंधारात एकटं पडतं. त्यापेक्षा ती संध्याकाळ रोजच्यासारखी जाऊ द्या. काही करायचंच असेल तर दुपारी करा, आणि मुलांना आधीपासून येणारं गाणं त्यांना म्हणू द्या. भेट द्यायची तर साऱ्या गृहासाठी एक द्या, मावशींच्या हाती द्या. छायाचित्र हवं असेल तर संस्थेच्या परवानगीने सगळ्यांचं एकच काढा, छापून गृहाला द्या, आणि मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेने मुलांना खासगीपणाचा हक्क दिला आहे आणि तो गृहात राहणाऱ्या मुलालाही तितकाच आहे. तुमचा फोन नंबर तिला देऊ नका. सात वर्षांच्या मुलीच्या हातात न लागणारा नंबर हे आणखी एक फाटक होईल.

निघण्याच्या सकाळी उजेडात निघा, मुलांचं खाणं झाल्यावर. सामान आधीच गाडीत भरलेलं असू द्या, म्हणजे दाराशी तासभर ताटकळणं होत नाही. तिच्या उंचीला बसा, तिचं नाव घ्या आणि एखादी खरी, तुम्ही पाहिलेली गोष्ट सांगा: "तू छोट्याला चिखलातून हात धरून आणलंस, ते मला फार आवडलं." तिला हवी असेल तर मिठी. नको असेल तर हात. मग तिचा हात मावशींच्या हातात द्या, निघा, आणि पुन्हा मागे येऊ नका. दुसऱ्या मिठीसाठी परतणारा माणूस मुलाला शिकवतो की जोरात रडलं की जाणारे थांबतात. मग गाडी हलतेच, आणि आपण पुरेसं रडलो नाही असं त्याला वाटतं. तुमचे डोळे भरले तर लपवू नका, पण तिला तुमची समजूत घालावी लागेल इतकं तिच्यासमोर कोसळू नका. गाडी वळल्यावर रडा. आमच्या गाडीत त्या वेळी अर्धा तास कुणी बोलत नाही, फोन काढत नाही.

ती त्या सकाळी येणारच नाही, असंही होईल. लपेल, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडेल, "मला तू आवडत नाहीस" म्हणेल. आधी आपण निघून जाणं हा तिच्या हातातला एकमेव उपाय आहे आणि तो तिला वापरू द्या. ओढून बाहेर आणू नका, इतर मुलांना शोधायला पाठवू नका. दाराशी उभं राहून तुम्ही ठरवलेली दोन वाक्यं शांतपणे एकदाच म्हणा. तिला ती ऐकू जातात.

यापुढचं लिहू की नको असा विचार केला, पण तुम्ही इतक्या मनापासून विचारलंय की लिहिते. गृहातल्या मुलांपैकी बहुतेकांची आई किंवा वडील, निदान जवळचे नातेवाईक, हयात असतात. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांमुळे अशा मुलांचं नुकसान होऊ शकतं, हे आता जगभर मान्य होतंय. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९ मध्ये आईवडिलांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांवर ठराव केला, त्यातही अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांचा उल्लेख आहे. तुम्ही आलात यात तुमचा दोष नाही. पण मी आता माझे गट मुलांना सांभाळायला नेत नाही. आम्ही छप्पर दुरुस्त करतो, मावशींना विश्रांती मिळावी म्हणून स्वयंपाक आणि धुणं उचलतो, त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च गोळा करतो आणि मुलं घरी परतावीत म्हणून काम करणाऱ्यांना मदत पाठवतो. मुलांशी खेळतो, पण मावशी तिथे असतानाच. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं मनात आलं, तर याच गृहात जा, आणि काय हवंय हे आधी मावशींना विचारून जा.

निघाल्यावर एक गोष्ट मात्र करा, आणि करता येणार असेल तरच मुलांना आधी सांगा. साधारण महिन्याने साऱ्या गटाचं मिळून एक पत्र, सगळ्या मुलांच्या नावे, संस्थेच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही सुखरूप पोचलो, तुमचं गाणं आम्हाला अजून आठवतं, एवढंच. पत्र मावशी वाचून दाखवतील. पाठवण्याआधी त्यांना फोन करून विचारा की मुलं कशी आहेत आणि हे पत्र आत्ता आलेलं बरं, की थोडं थांबू. त्या थांबा म्हणाल्या तर थांबा.